ऑईल बदलायला माहेरी

लोकांच्या लेकी पंचमीला माहेरी येतात, आमची गाडीचं ऑईल बदलायला येते, असं आई अख्ख्या गल्लीला सांगायची. सांगताना सूर तक्रारीचा असायचा, पण मी यायच्या दिवशी फाट्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला की दारात पहिली तीच दिसायची. आणि तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. दरवर्षी भाद्रपद सरत आला, घटस्थापना तोंडावर आली की आप्पांचा फोन यायचा. आधी जावयाची चौकशी व्हायची, मग पोरांची, मग सोलापुरात पाऊस आहे का ते विचारून व्हायचं. माझी चौकशी नाही. सगळ्यात शेवटी, जणू आत्ताच आठवलं असं दाखवून म्हणायचे, ऑईल काळं झालंय, सवडीनं ये. सवडीनं म्हणजे उद्या.

आप्पा म्हणजे माझे वडील. भूम तालुक्यात, ईटच्या अलीकडच्या एका गावात त्यांचं बी-बियाणांचं आणि खतांचं दुकान होतं. मी एकुलती एक. लग्न होऊन सोलापुरात गेले आणि तेव्हापासून नुसतं ‘ये’ असं आप्पांनी मला कधी म्हटलं नाही. त्यांच्यासारख्या बापांना लेकीला बोलवायला काहीतरी निमित्त लागतं. कुणाला सण लागतो, कुणाला जत्रा. आप्पांना ऑईल लागायचं. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट गंमत वाटायची. फक्त कधीतरी भाकरी थापताना मनात यायचं, ही गाडी गेली की मग आप्पा मला कशासाठी बोलावणार? आणि मग मी तो विचार पिठासारखा हातावरून झटकून टाकायचे.

गाडी जुनी होती, पांढरी, डिझेलवरची. घराच्या अंगाला पत्र्याचं शेड मारून आप्पांनी तिला ठेवलं होतं, आणि आमच्या गल्लीत त्या शेडाला मोठ्या रुबाबात गॅरेज म्हणत. गावात मेकॅनिक नव्हता असं नाही. पण दुसऱ्याच्या हातानं ऑईल बदललं तर जुनं ऑईल शेवटच्या थेंबापर्यंत निथळू देत नाहीत, घाई करतात, असं आप्पांचं ठाम मत होतं. त्यांचे गुडघे गेल्यापासून गाडीखाली शिरायचं काम माझ्याकडं आलं. मला गाडी चालवता येत नव्हती. शिकवीन की, शिकवीन की, करत आप्पांनी ते लांबवलं होतं. मला गाडीखाली झोपता येत होतं, एवढंच.

पद्धत ठरलेली होती. पुढची चाकं दोन लाकडी उतारांवर चढवायची, मागच्या चाकांना दगड लावायचे. इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, म्हणजे ऑईल कोमट होऊन पातळ होतं. मग मी आईची जुनी साडी नेसल्यासारखी अंगाभोवती गुंडाळून गोणपाटावर आडवी व्हायचे आणि सरपटत आत शिरायचे. इंजिनाच्या पोटाशी ऑईलचं चेंबर असतं, त्याच्या तळाला एक नट. खाली घमेलं सरकवायचं, पान्यानं नट सैल करायचा आणि शेवटचे आटे बोटांनी फिरवून हात पटकन मागं घ्यायचा. तो हात मला एकाही वर्षी वेळेवर मागं घेता आला नाही. ऑईल कोपरापर्यंत यायचंच. आप्पा उपड्या घातलेल्या क्रेटवर बसून वरून सूचना द्यायचे, उलटा फिरव, आणि मी उलटा फिरवला की म्हणायचे, अगं तुझ्या बाजूनं उलटा. मी आतून काहीतरी खोचक बोलायचे, ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मग खरा वेळ सुरू व्हायचा. नट काढला की धार लागते, धारेची दोरी होते, दोरीचे थेंब होतात. थेंब थांबेपर्यंत नवं ऑईल घालायचं नाही, हा आप्पांचा नियम. त्या वेळात मी गाडीखालीच पडून राहायचे आणि आप्पा बोलायचे. समोर तोंड नसलं की ते मोकळे व्हायचे. दुकानात कोण येतं, कुणाचं सोयाबीन लागलं, कुणाचं वाळलं, आईला रात्री झोप लागत नाही, आपल्याला हल्ली लहानपणीचं घर स्वप्नात दिसतं. एरवी जेवणाच्या ताटावर चार शब्द न बोलणारा माणूस त्या शेडात तासभर बोलायचा. आज सोलापुरात आमची गाडी सर्व्हिसिंगला जाते. काम करतात तिथं गिऱ्हाइकाला जाऊ देत नाहीत, पण दारातून तो जळक्या ऑईलचा वास येतो. मी तिथं उगाच रेंगाळते. नवरा म्हणतो, चल की, काय बघतेस? त्याला काय सांगू?

काळं ऑईल ही आमच्याकडं फेकायची वस्तू नव्हती. शेडात आमची खुडबुड ऐकू आली की लोक डबे घेऊन यायला लागायचे. सेंट्रिंगवाल्याला फळ्यांना लावायला हवं असायचं, कुणाच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागलेली असायची, कुणाला नांगराच्या फाळाला गंज धरू द्यायचा नसायचा. आप्पा माणूस बघून द्यायचे. एकानं म्हशीच्या गोचिडांवर चोळायला मागितलं, तर त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला, दुकानातलं गोचिडांचं औषध हातावर ठेवलं आणि ऑईल काही दिलं नाही. उरलेलं कॅनमध्ये भरून भूमला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात नेऊन द्यायचे, तिथं पिंप भरलं की घेऊन जाणारा यायचा. जमिनीवर एक थेंब सांडला तरी त्यावर राख टाकायला लावायचे, राख भिजली की तीही उचलायला लावायचे. आमची बोअर शेडापासून लांब नव्हती, आणि आमच्या भागात बोअरला पाणी असणं ही फुकटची गोष्ट नाही.

पाण्याच्या बाबतीत तर घरात वेगळाच कायदा. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, गाडीच्या काचा पुसून उरलेलं, सगळं पाणी शेडाच्या कोपऱ्यावरच्या कढीलिंबाला. पूर्वीच्या गाडीत रेडिएटरला साधं पाणी असायचं, ते गंजलेलं पाणीसुद्धा आप्पा कढीलिंबालाच घालायचे. या गाडीत हिरवं कूलंट आलं तेव्हा त्यांनी डब्यावरची बारीक अक्षरं वाचून काढली आणि सगळ्यांना बजावलं, हे गोड असतं, कुत्रं-मांजर चाटतं आणि मरतं, झाडाला घालायचं नाही, उघडं ठेवायचं नाही. कूलंटला वेगळा झाकणाचा कॅन असायचा. भूमचा दुकानदार, ही काय नवी पीडा, म्हणून कुरकुरायचा, पण ठेवून घ्यायचा.

त्या वर्षी ऑईलबरोबर कूलंटही बदलायचं होतं. मी गेले तेव्हा आप्पा नेहमीसारखेच होते, थोडे वाळल्यासारखे. इंजिनातली ऑईल बघायची पट्टी काढून ते पांढऱ्या फडक्यावर पुसायचे आणि उजेडात धरून बघायचे. त्या वर्षी त्यांनी ती नुसती अंगठ्यानं चोळली, हुंगली आणि म्हणाले, काळं झालंय. माझ्या ते लक्षात आलं नाही. मी गाडीखाली शिरले, नट काढला, कोपरापर्यंत ऑईल घेतलं. थेंब निथळत होते तोवर रेडिएटर रिकामा करू म्हणून त्याची नळी सोडली आणि कूलंट रंगाच्या जुन्या पांढऱ्या बादलीत घेतलं. तशीच दुसरी बादली शेजारी होती, काचा पुसून उरलेल्या पाण्याची. मी कॅन आणायला आत गेले. बाहेर आले तर आप्पा कढीलिंबापाशी उभे होते आणि बादली ओतत होते. पोपटाच्या पंखासारखं हिरवं पाणी बुडख्यात मुरत होतं.

“आप्पा, ते पाणी न्हाई,” मी म्हणाले.

ते थांबले. बादलीत अजून थोडं शिल्लक होतं. त्यांनी मान खाली घालून आत बघितलं, बराच वेळ बघितलं.

“मग काय हाय?” त्यांनी विचारलं.

दुपारची वेळ, बादली पांढरी, आत हिरवंगार कूलंट, आणि आप्पा मला विचारत होते काय आहे ते. दोन दिवसांनी हाच माणूस आईला शेजारी बसवून तुळजापूरला निघणार होता. पहिल्या माळेला देवीची ओटी भरायची, स्वतःच्या गाडीनं जायचं, हे गाडी आली त्या वर्षापासून चुकलं नव्हतं.

आई मागच्या दारानं आली. तिनं काय झालं हे विचारलं नाही. खुरपं घेतलं, झाडाच्या बुडातली ओली माती भराभर उकरली आणि खताच्या रिकाम्या गोणीत भरली. आप्पा शेडात जाऊन क्रेटवर बसले. आईनं काहीच विचारलं नाही, यावरूनच मला कळलं की तिला सगळं ठाऊक आहे.

मी तिला चुलीपाशी गाठलं. मग तिनं सांगितलं, बार्शीच्या डॉक्टरकडं दोघं जाऊन आले होते. काचबिंदू होता, डोळ्यामागची नस वाळत चालली होती, गेलेलं परत येणार नव्हतं. मला कळवायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. मग गाडी कशी चालवतात, मी विचारलं. आईनं तव्यावरची भाकरी उलटली.

“मी असते की बाजूला,” ती म्हणाली. “पुढं खड्डा हाय, डाव्या अंगाला म्हस हाय, समोरनं टमटम येतीया, समदं सांगते. लगीन झाल्यापास्नं माझं कधी ऐकलं न्हाई, ते आता गाडीत ऐकाय लागल्यात.”

मला हसू आलं, आणि हसता हसताच माझं डोकं फिरलं. मी तिला नाही नाही ते बोलले. नवरात्रात तुळजापूरच्या रस्त्याला काय असतं ते तिला मी सांगायला नको होतं. डांबराच्या कडेनं बायाबापड्या अनवाणी चालत असतात, पोरं हातात ज्योत घेऊन पळत येत असतात, कुणी मध्येच रस्ता ओलांडतं. एखादं सांगायचं राहून गेलं तर, मी विचारलं. तिनं हातावरचं वाळलेलं पीठ चोळून काढलं. मग म्हणाली, तू सांग त्यांना, माझ्यानं होत न्हाई. गाडीत बसलं की त्यांचं तोंड कसं होतं, ते तू बघितलं न्हाईस.

मी बघितलं होतं. म्हणून तर जीव तुटत होता.

आप्पा शेडात नव्हते, गाडीत होते. उतारांवर चढवलेल्या, पोटातलं ऑईल गेलेल्या गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मी बाहेर उभी राहून सांगितलं की मी नट बसवणार नाही, म्हणजे नवं ऑईलही पडणार नाही आणि गाडीही हलणार नाही. ते म्हणाले, मी बसवीन. मी म्हणाले, रस्त्यानं माणसं अनवाणी चालत असतात आप्पा, तुम्हाला ती दिसायची नाहीत. काच खाली होती, पण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तोंडावर उलटून बोलले होते आणि ते गप्प बसले होते, याचीच मला जास्त भीती वाटली.

मी जाऊन पडवीत बसले. पाना माझ्या हातातच राहिला होता. काय सोपं होतं, नट आवळायचा, नवं ऑईल घालायचं, आईला म्हणायचं नीट सांगत जा, आणि जेवून दुपारच्या गाडीनं सोलापूरला परत यायचं. सगळं गोडीगुलाबीत राहिलं असतं. पुढच्या भाद्रपदात फोन आला असता. मला रस्त्यावरच्या माणसांची काळजी होती, आईआप्पांची होती, हे खरं. पण त्याखाली आणखी एक होतं. गाडी थांबली की माझं बोलावणंही थांबणार होतं. आपल्या हातानं आपलं माहेर बंद करतोय असं मला वाटत होतं, आणि मी आईच्या जुन्या साडीत तोंड खुपसून रडले. साडीला डिझेलचा वास होता.

दिवस कलला तेव्हा आप्पा पडवीत आले. भिंतीला हात लावत आले, आता लपवायचं काही राहिलं नव्हतं. त्यांनी तो नट रॉकेलनं स्वच्छ धुऊन पुसून आणला होता. एका हातात नट, दुसऱ्या हातात नवीन तांब्याचा वायसर. मला वाटलं, बसवायला सांगायला आले. मी उठून उभी राहिले. नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण त्यांनी तसं सांगितलं असतं तर मी नाही म्हणाले असते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

त्यांनी वायसर खिशात टाकला आणि नट माझ्या तळहातावर ठेवला.

“ह्यो तू घिऊन जा सोलापूरला,” ते म्हणाले. “हितं ठिवू नगं. हितं राहिला तर म्या बसवीन. ह्याला डोळं लागत न्हाईत.”

मी मूठ मिटली. ते आईला हाक मारून चहा टाक म्हणाले.

मी घरी फोन करून सांगितलं की दोन दिवस जास्त राहते. पहिल्या माळेला आम्ही तिघं एसटीनं तुळजापूरला गेलो. आप्पांनी खिडकी मागून घेतली. गाव मागं पडलं तशी आई सवयीनं पुटपुटायला लागली, पुढं वळण हाय, बैलगाडी हाय. आप्पा म्हणाले, गप बस, डायव्हर बघतोय. थोड्या वेळानं त्यांनीच तिला विचारलं, आता काय आलं? मग ती सांगत राहिली, तुळजापूर येईपर्यंत. रस्त्याच्या कडेनं माणसं चालत होती. मी त्यांच्या पायांकडं बघत होते.

काळं ऑईल त्या वर्षी सगळं सेंट्रिंगवाल्यानं नेलं. नव्या ऑईलचा डबा सील न फोडता शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला गेला. कढीलिंबाची एक बाजू वाळली, दुसरी राहिली. दिवाळीनंतर परंड्याकडच्या एका माणसानं गाडी घेतली आणि दोर बांधून ओढत नेली. आईनं मला ते फोनवर सांगितलं. आप्पा तेव्हा दुकानात होते म्हणे, मुद्दाम उशिरा घरी आले.

ते वर्ष मला फार लांबलं. मी अधूनमधून फोन करायचे, आप्पा घ्यायचे, पाऊसपाणी बोलून आईकडं द्यायचे. राग नव्हता, हे मला कळत होतं. आम्हाला दोघांना एकमेकांशी बोलायला गाडीखालची जागा लागत होती, आणि ती आता नव्हती. भाद्रपद आला. मी फोनची वाट बघत नाही असं घरात दाखवत होते आणि अंघोळीला जातानासुद्धा फोन बरोबर नेत होते. घटस्थापना जवळ येत गेली. मी मनाची समजूत घालून टाकली की बोलवायला आता आहे काय?

मग एका सकाळी आप्पांचा फोन आला. जावयाची चौकशी झाली. पोरांची झाली. सोलापुरातला पाऊस झाला. आणि मग ते थांबले. मीही थांबले. मागून आईचा दबका आवाज येत होता, म्हना की, म्हना. शेवटी मलाच राहवेना. काही काम होतं का आप्पा, असं मी विचारलं.

“काम कायबी न्हाई,” आप्पा म्हणाले. “तू ये.”

मी हातातलं सगळं टाकून निघाले. शेड झाडून ठेवलेलं होतं, आत आईनं दोन खुर्च्या टाकल्या होत्या. आम्ही बापलेक तिथं ऊन उतरेपर्यंत बसलो, समोरासमोर, आणि फारसं बोललो नाही. एकदा आप्पांनी माझा हात मागितला. बोटं चाचपली, नखांवरून अंगठा फिरवला. स्वच्छ हायत की, म्हणाले, थोडे हिरमुसूनच. मग त्यांनी हात सोडला नाही.

पुढचा भाद्रपद यायच्या आत ते गेले. आता त्या दिवसांत आईचा फोन येतो, काही ना काही काम सांगते, आणि मी जाते. कामाशिवाय नुसतं ‘ये’ आप्पा मला एकदाच म्हणाले. मला ते अजून एकदा ऐकायचंय.